एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं आणि माझं शनिवारचं वाचन

प्रश्न: मी काटोल तालुक्यातल्या जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत ११ वर्षांपासून गणित शिकवते. प्रशिक्षणं बरीच होतात, पण माझ्या वर्गातल्या अडचणीवर हाती काही लागत नाही. सातवीची मुलं अजूनही ०.३५ ला ०.४ पेक्षा मोठं म्हणतात. ब्लॉग आणि फीड रीडर वापरून शिक्षक आपलं आपण शिकू शकतात असं ऐकलं. सुरुवात कुठून करू? वेळ कुठून काढू? इंग्रजी जेमतेम आहे. आणि हे वाचन ५० तासांच्या प्रशिक्षणात धरतात का?

उत्तर:

मॅडम, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ०.३५ आणि ०.४ चं आहे. फीड रीडर दहा मिनिटांत जोडून होतो, पण असं वाक्य हाती यायला मला पाच वर्षं लागली. मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित प्राथमिक शाळेत २६ वर्षं शिकवतोय, फीड रीडर वापरतोय २००८ पासून. पहिल्या पाच वर्षांचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला फारसं काही निघणार नाही. वाचलं खंडीभर. वर्गात उतरलं जवळपास शून्य.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण लोक उगाच अवघड करून सांगतात. बहुतेक ब्लॉग आपल्या पोटात एक छोटी मजकुराची फाइल ठेवतात. नव्या लेखांची नावं, तारखा, दुवे आणि कधी अख्खा मजकूर, एवढंच तिच्यात असतं. तिला फीड म्हणतात. तिची जी रीत ठरलेली आहे तिचं नाव आरएसएस. ही १९९९ मध्ये आली, आज चालते ती २.० आवृत्ती २००२ ची. फीड रीडर म्हणजे तुम्ही दिलेल्या पत्त्यांवर फेरी मारून नवीन काय आलं ते एका जागी आणून ठेवणारा गडी. पेपरवाल्याला सांगून ठेवतो ना आपण, हा पेपर रोज, ते मासिक पहिल्या तारखेला, तसंच. पेपर टाकताना तो तुमचं नाव, गाव, फोन नंबर संपादकाला कळवत नाही. इथेही ब्लॉग लिहिणाऱ्याला तुमचा ईमेल कळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाशी याची तुलना केली की फरक लक्षात येतो. गट म्हणजे पानठेला. कोण काय बोलेल, केव्हा बोलेल, यावर आपला ताबा नाही. शासन निर्णय, वाढदिवस, कुणाच्या तरी सेवापूर्तीचे फोटो आणि 'सर्वांनी आजच लिंक भरावी' हे सगळं एकाच धारेत वाहत येतं. फीडमध्ये तुम्ही बोलावलेलाच माणूस येतो, तोही नवीन काही लिहिलं असेल तरच. नाही आवडला तर एक बटण दाबून निरोप द्या, त्याला वाईटही वाटत नाही.

मी सुरू केलं तेव्हा गूगल रीडर होता. २००५ ला आला, १ जुलै २०१३ ला बंद झाला. त्याची एक खोड होती. न वाचलेले लेख हजारावर गेले की तो मोजणं सोडून नुसतं '१०००+' दाखवायचा. माझ्याकडे दोनेक वर्षं तोच आकडा लटकलेला होता. पावणेदोनशे ब्लॉग जोडले होते, अमेरिकेतले, इंग्लंडातले, कुठकुठले. शिक्षणात तंत्रज्ञान, शिक्षणात नाटक, शिक्षणात मेंदू. रात्री जेवण झालं की वाचत बसायचो आणि आपण फार शिकून राहिलो असं वाटायचं. स्टाफरूममध्ये दोन इंग्रजी शब्द टाकता यायचे, तेवढाच काय तो फायदा.

त्या दिवसांतला एक प्रताप सांगतो. एका ब्लॉगवर वाचलं की मुलांनी सोडवलेली उत्तरं भिंतींवर चिकटवायची आणि सगळ्यांनी फिरत फिरत एकमेकांची वाचायची. फोटो फार सुंदर होते. दुसऱ्या दिवशी लगेच वर्गात. त्यांच्या फोटोत मोजून २४ मुलं होती, माझ्याकडे ५२. आमचे बाक लोखंडी, एकमेकांना जोडलेले, मधली वाट एका दप्तराएवढी. चार मिनिटांत दोन कागद फाटले, एक मुलगा बाकाखालून पलीकडे निघाला आणि मुख्याध्यापक दारात. म्हणाले, "काय सर, रामटेकची यात्रा भरली काय जी वर्गात?" ब्लॉग लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने त्याच्या वर्गाचं लिहिलं होतं. मी माझ्या वर्गाकडे न पाहता ते उचललं होतं.

रीडर बंद होणार हे जाहीर झालं तेव्हा यादी उतरवून घ्यावी लागली. ओपीएमएल नावाची एक फाइल मिळते, तिच्यात तुमचे सगळे पत्ते असतात आणि ती दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये चढवता येते. मी ३० जूनच्या रात्री ती उतरवली. चढवायच्या आधी एक एक नाव वाचत गेलो आणि प्रत्येकापुढे स्वतःला विचारलं, याच्यामुळे माझ्या वर्गात काय बदललं? पावणेदोनशेपैकी नऊ उरले. आज माझ्याकडे २२ आहेत आणि तेही थोडे जास्तच होतात.

आता जे खरोखर कामाचं ठरलं ते जरा सविस्तर सांगतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून गदारोळ झाला होता, तुम्हाला आठवत असेल. नेहमीच्या नावांच्या जोडीला 'वीस एक', 'साठ तीन' अशी संख्या वाचायची पद्धत पुस्तकात दिली होती. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या आणि अख्खा महाराष्ट्र विनोद करत होता. आमच्या स्टाफरूममध्ये मीही केले. त्रेसष्टचं साठ तीन कशाला बाप्पा?

त्याच पावसाळ्यात माझ्या रीडरमध्ये एका जर्मन शिक्षकाचा लेख आला. इंग्रजीत लिहायचा तो. त्याची तक्रार अशी की आमच्या भाषेत ९२ ला 'दोन आणि नव्वद' म्हणतात, त्यामुळे मुलं कानावर पडतं तसं आधी २ लिहितात, मग ९, आणि होतात २९. मी वाचता वाचता थांबलो. ब्याण्णव. ब्या म्हणजे दोन, ण्णव म्हणजे नव्वद. आपणही तेच करतो! शोधत गेलो तर कळलं की नॉर्वेने १९५१ मध्ये हा क्रम सरकारी निर्णयाने उलटा केला, दहा आधी आणि सुटे नंतर, तरी जुनी माणसं अजून जुन्याच पद्धतीने बोलतात. आपल्या शेजारच्या तेलुगूत २१ ला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे सरळ वीस एक. सिरोंच्याच्या पलीकडे नदी ओलांडली की मुलांना हा त्रास नाही.

मग मी तिसरीच्या वर्गात वीस संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. ४३ मुलं हजर होती. वह्या घरी आणल्या आणि चुकांना लाल फुल्या मारत बसण्याऐवजी चूक नेमकी काय लिहिली ते एका कागदावर उतरवत गेलो. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी ११ मुलं निघाली. म्हणजे जर्मन मास्तर बरोबर होता. पण खाली दुसरं काहीतरी दिसलं. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी १६ होती. एकोणतीसचे ३९, एकोणऐंशीचे ८९. ही उलटापालट नव्हे. मुलाला 'साठ' ऐकू येतं, तो सहा लिहितो. 'एकोण' आलं की शेवटी नऊ असतो हे त्याने पाठ केलेलं असतं, म्हणून नऊ लिहितो. त्याच्या परीने तो नियमानेच चाललेला आहे.

हे जर्मनमध्ये नाही, त्यामुळे त्या लेखात असणं शक्यच नव्हतं. माझा डबा बाहेरून आला, पण चव माझ्या वर्गातली होती असं समजा.

तीन आठवडे मी रोज पाच मिनिटं दोन्ही नावं म्हणून घेतली. साठ तीन, त्रेसष्ट. सत्तर दोन, बाहत्तर. पुन्हा श्रुतलेखन. उलट लिहिणारी ११ वरून ४ वर आली. एकोणवाली १६ ची १५. म्हणजे त्या औषधाचा या दुखण्याशी संबंधच नव्हता. तेव्हा डोक्यात आलं की 'एकोण' म्हणजे काय हे आपण मुलांना कधी सांगितलेलंच नाही. एक ऊन, म्हणजे एक कमी, एक उणा. व्हरांड्यात खडूने ५० ते ७० ची रेघ आखली. एका पोराला साठवर उभं केलं आणि म्हटलं, "एकोण म्हण आणि एक पाऊल मागे घे." तो मागे सरकला, पायाखाली पाहिलं आणि ओरडला, "सर, हा तर पन्नासच्या घरात आला!" आठ दिवस व्हरांड्यात हाच खेळ चालला, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठच तर संख्या आहेत. पुढच्या श्रुतलेखनात १६ चे ५ राहिले. त्या पाचांतला एक घरी हिंदी बोलणारा होता, तो ८९ ला 'नवासी' म्हणायचा आणि एकोणनव्वद ऐकून बावरायचा. हिंदीत तिथे 'एक कमी' नाही, सरळ नऊ आणि ऐंशी आहे. नागपुरात अशी मुलं प्रत्येक वर्गात सापडतील. उरलेल्या चौघांचं कारण मला आजही नीट कळलेलं नाही.

एका लेखातून एवढं निघालं, कारण तो नेमक्या वेळी आला आणि मी वह्या काढून मोजलं. त्या वर्षी रीडरमधून आणखी शेदोनशे लेख गेले असतील. ते कुठे गेले, देव जाणे.

म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी एक वही करा. पहिल्या पानावर तुमचा दशांश अपूर्णांकांचा प्रश्न लिहा, मुलांच्याच शब्दांत. मग रीडर उघडा. फीडली किंवा इनोरीडर, दोन्हींत फुकट खातं मिळतं आणि तुम्हाला लागतील त्याच्या कितीतरी पट फीड त्यात मावतात. फोनवर स्वतःच फीड गोळा करणारी अ‍ॅपही आहेत, पण त्यात एक गोम आहे. वर्डप्रेसच्या फीडमध्ये साधारणपणे शेवटचे १० लेख असतात, ब्लॉगरच्या २५. महिनाभर अ‍ॅप उघडलं नाही आणि तेवढ्यात तिकडे पंधरा लेख आले, तर सुरुवातीचे पाच तुमच्या हातून गेले. फीडलीसारखी सेवा तिच्या सर्व्हरवर गोळा करत राहते, त्यामुळे निवडणुकीच्या कामावर पंधरा दिवस गेलात तरी फरक पडत नाही.

जोडायला काही विशेष लागत नाही. ब्लॉगचा पत्ता कॉपी करून रीडरच्या शोधपट्टीत टाकला की बहुतेक वेळा तो स्वतःच फीड हुडकतो. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजीत फीड हा शब्द टाकून पाहा. यूट्यूबचं चॅनलही असंच जोडता येतं आणि ही फार कामाची गोष्ट आहे, कारण मग 'पुढे हे पाहा'च्या भुलभुलैयात न शिरता आपल्याला हव्या त्या मास्तरचा नवा व्हिडिओ तेवढा दिसतो. फेसबुकचं पान मात्र असं जोडता येत नाही, त्याच्या नादी लागू नका.

जोडायचं काय? इथे माझं मत थोडं कडू आहे. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल अनुभवातून स्वतः ज्ञान रचतं या विचाराची लाट आली, सातारच्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला गाड्या भरभरून शिक्षक जाऊन आले. त्याच सुमारास आपल्याकडे शिक्षकांच्या ब्लॉगचं पीक आलं. मी शेकड्यांनी पाहिले. बहुतेकांवर शासन निर्णय, निकालाच्या एक्सेल शीट, प्रश्नपत्रिका, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आणि वर सरकणाऱ्या अक्षरांत 'आपले सहर्ष स्वागत आहे'. ते निरुपयोगी होते असं मी म्हणणार नाही, मार्चमध्ये त्या एक्सेल शीटने माझे दोन रविवार वाचवले आहेत. पण 'काल मी हे शिकवलं, हे फसलं, मुलं असं म्हणाली' असं लिहिणारे मोजके होते. तेच हवेत. असे दोन-तीन मराठी ब्लॉग सापडले तर दहा इंग्रजी ब्लॉगांच्या बरोबरीचे समजा. शासन निर्णयवाले जोडायचे असतील तर वेगळ्या फोल्डरात टाका. एकत्र ठेवलेत तर परिपत्रकं वाचण्यातच शनिवार जाईल.

गणितासाठी बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'अ‍ॅट राइट अँगल्स' पाहा. ते आपल्याच देशातल्या वर्गांसाठी लिहिलेलं आहे आणि अंक नेटवर फुकट आहेत. केंब्रिजचं 'एनरिच' उदाहरणांसाठी चांगलं, मुलांना विचार करायला लावणारी कोडी तिथे इयत्तेनुसार मिळतात. पुण्याचं मराठी 'शैक्षणिक संदर्भ' आणि एकलव्य संस्थेचं त्याच नावाचं हिंदी द्वैमासिक, हे दोन्ही माझे जुने सोबती. विज्ञानही शिकवत असाल तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकं ढिगाने आहेत. यातल्या ज्यांचं फीड रीडरला सापडेल ते जोडा, ज्यांचं नाही सापडणार त्यांची खूण ब्राउझरमध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा चक्कर मारा. सुरुवातीला सहाच्या वर जाऊ नका. सातवा आला की एक काढायचा.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. ब्राउझर अख्खं पान मराठीत करून देतो आणि आशय कळण्याइतकं ते बरं असतं. गणितात मात्र डोळे उघडे ठेवा. 'प्रॉडक्ट' म्हणजे गुणाकार, त्याचं उत्पादन होतं, 'टेबल' कधी पाढा असतो तर कधी खरंच मेज, आणि 'मीन' म्हणजे सरासरी हे त्याला दर वेळी कळेलच असं नाही. मी आधी मराठीत वाचतो, अडलं की तेवढं वाक्य इंग्रजीत पाहतो. वर्षभरात तुमचे दोनशे शब्द पक्के होतील आणि गणितावरच्या लेखांना तेवढे पुरतात. हिंदी तर आपल्याकडे येतंच.

आता वेळ. रोज वाचायचं ठरवाल तर पंधरा दिवसांत सुटेल. माझा अनुभव आहे. शालार्थवर पगाराची माहिती, यू-डायसवर शाळेची माहिती, पोषण आहाराची नोंद, मधेच चाचणीचे गुण भरा, यातून रोजचा अर्धा तास निघत नाही. मी शनिवार धरला आहे. सकाळची शाळा सुटली की नाक्यावर एक प्लेट तर्री पोहे, मग शाळेतच रिकाम्या वर्गात चाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं नुसती शीर्षकं चाळतो आणि दोन किंवा तीन लेख बाजूला काढतो. ते नीट वाचतो. चाळीस मिनिटं संपली की 'सगळं वाचलं' हे बटण दाबतो आणि उरलेलं सगळं घालवतो. पहिल्यांदा हात थरथरतो. पण महत्त्वाचं असेल ते कुठून ना कुठून परत येतंच, आणि न वाचलेल्याचा आकडा डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस शेवटी रीडर उघडणंच बंद करतो. तो हजाराचा आकडा मी दोन वर्षं वाहिला आहे.

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनमधले ते दिवस मी यादी साफ करायला वापरतो. कूलरसमोर बसायचं, वर्षभरात ज्याचा एकही लेख वहीत उतरला नाही त्याला काढायचं, आणि ओपीएमएलची फाइल स्वतःला ईमेल करून ठेवायची.

पन्नास तासांचं विचारलंत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाला द्यावेत असं आहे आणि ते स्वतःच्या आवडीनुसार असावेत असंही त्यातच लिहिलं आहे. प्रत्यक्षात मोजलं जातं ते प्रमाणपत्र निघणारं, दीक्षा या सरकारी संकेतस्थळावरचं 'निष्ठा' किंवा डाएटचं, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण. माझं शनिवारचं वाचन आजवर कुणी तासांत धरलेलं नाही आणि मी धरा म्हटलंही नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण आपल्या जागी, ते करावंच लागतं. त्या कागदाची आणि या वहीची गल्लत करू नका, नाहीतर दोन्हींचा राग येईल.

तरी एक जागा आहे जिथे हे वाचन अधिकृतपणे आणता येतं. आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. मी एकदा आमच्या केंद्रप्रमुखांना म्हटलं, मला दहा मिनिटं द्या, त्यात पीपीटी नसेल. फळ्यावर लिहिलं: एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तुमच्याकडे किती? कुणालाच माहीत नव्हतं, पण पुढच्या महिन्यात सात शाळांनी आकडे आणले, न मागता. त्या दिवशी परिषद वीस मिनिटं लांबली आणि घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही, हे माझ्या नोकरीत दोनदाच घडलंय.

शाळेत सोबत हवी असेल तर लिंक पाठवू नका, लिंक कुणी उघडत नाही. मी एका पानाची प्रिंट काढून चहाच्या थर्मासखाली ठेवतो. आमच्या एक बाई आधी म्हणायच्या, "सर, काय वाचून राहिले तुम्ही येवढं?" आता शनिवारी त्याच विचारतात, "आज कागद नाही आणला का?"

लिहायचंही, पण घाईने नको. शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिणं आपल्याला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात शाळाखात्याचं 'मराठी शालापत्रक' होतं, विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादक होते. तुमचा ब्लॉग पाच जणांनी वाचला तरी चालेल. लेखात तीन गोष्टी हव्यात: मुलांनी काय केलं, मी काय केलं, मग काय झालं. मुलांची नावं आणि चेहरे टाकू नका. वहीचा फोटो टाकायचा तर नावाचा कोपरा झाका. धोरणावर शेरे मारायचे टाळा. वर्तणूक नियम आहेत, आणि तसंही वर्गातल्या गोष्टीपुढे शेरे फिके असतात. एकोणसाठचा माझा लेख फार लोकांनी वाचला नाही. पण चंद्रपूरकडच्या एका सरांनी कळवलं की त्यांच्याकडची तेलुगू बोलणारी मुलं उलट लिहिण्याची चूक कमी करतात आणि एकोणवर मात्र हमखास अडतात. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नसतं.

आता तुमचं ०.३५. या चुकीवर जगभर पुष्कळ काम झालेलं आहे आणि त्यातून निघालेली एक गोष्ट तुम्हाला सोमवारीच वापरता येईल. मुलं एकाच कारणाने चुकत नाहीत. काहींच्या मनात 'जास्त अंक ते मोठं' असतं, ३५ मोठे की ४, असं ती विचारतात. काहींच्या मनात नेमकं उलटं, 'कमी अंक ते मोठं' असतं. शतांश हा दशांशापेक्षा लहान हे त्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून लांबलचक संख्या दिसली की ती लहानच असणार असं ती धरून चालतात. दुसऱ्या गटातली मुलं ०.४ आणि ०.३५ चं उत्तर बरोबर देतात, आणि आपल्याला वाटतं यांना समजलं.

म्हणून पाच जोड्या द्या: ०.४ आणि ०.३५, ०.२५ आणि ०.१२५, ३.४ आणि ३.४५, ०.७ आणि ०.७०, २.०८ आणि २.१. प्रत्येकीत मोठी कोणती किंवा सारख्या आहेत का, आणि कसं ठरवलं ते एका ओळीत. 'जास्त अंक'वाली मुलं पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या जोडीत चुकतील पण तिसरी बरोबर देतील. 'कमी अंक'वाली तिसरीत पकडली जातील. चौथी जोडी दोन्ही गटांना उघडं पाडते. आणि तुम्ही स्वतः वर्गात 'शून्य पॉइंट पस्तीस' म्हणता की 'तीन पाच', तेही एकदा कान देऊन ऐका. पैशांचं उदाहरण देत असाल तर २.५ रुपये म्हणजे किती, हेही विचारून पाहा. 'दोन रुपये पाच पैसे' म्हणणारी मुलं किती निघतात ते मोजा.

वह्या घरी न्या, फुल्या मारू नका, कोण काय लिहितं ते कागदावर उतरवा. कोणत्या गटात किती मुलं आहेत ते मला कळवा. त्यावरून तुमचे पहिले सहा फीड कोणते असावेत ते ठरवू.